जुन्या गाडीची वही



आज जुन्या मोटारगाडीविषयी बोलायचे आहे. आम्ही काही शिकलेले इंजिनियर नव्हे. आमच्या घरी एक जुनी गाडी आहे. ती चालवता चालवता काही गोष्टी कळल्या. काही मेस्त्रींनी शिकवल्या. काही पदरचे पैसे घालून शिकलो. त्याच आज सांगतो.

गाडी बाहेर लिंबाखाली उभी केली आहे. आत्ताच उन्हातून आली आहे, तापली आहे. आमचे बोलणे होईपर्यंत निवेल. मग सगळे मिळून तिचे बोनेट उघडू.

तुमच्यापैकी कितीजणांच्या दारात गाडी आहे? हात वर करा पाहू. बरेच आहेत. आणि कोरी करकरीत घेतलेली कितीजणांची? दोनच हात. असेच असते. कांद्याचे चार पैसे आले, उसाचे बिल मिळाले, की माणूस पुण्याला जातो आणि दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी घेऊन येतो. चार दारे, पाच माणसे, मागे डिकी. त्यात कमीपणा काही नाही. म्हातारा बैलसुद्धा नीट राखला तर काम देतो. पण राखावा लागतो.

रांजणगावच्या गणपतीला तुम्ही जाता. त्या गावाजवळच मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिथे मोटारींचा कारखाना आहे. २००९ साली त्या कारखान्यातली लिनिया नावाची गाडी बाजारात आली. त्याच वर्षी टाटांची मान्झा आली. तीही तिथलीच. दोन्ही डिकीच्या, घरगुती गाड्या. आता त्या नव्या बनत नाहीत, पण जुन्या अजून रस्त्यावर दिसतात. शिरूर तालुक्यात जन्मलेली गाडी शिरूर-दौंडच्याच रस्त्यांवर म्हातारी होते आहे.

लोक विचारतात, "गाडी बनायची बंद झाली, मग सुटे भाग कुठून आणायचे?" प्रश्न बरोबर आहे. त्या दोन गाड्यांत १३०० सीसीचे जे डिझेल इंजिन मिळे, त्याच जातीचे इंजिन मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायर या गाड्यांतही होते. त्यामुळे त्या इंजिनाचे काम जाणणारा मेस्त्री तालुक्याच्या गावी मिळतो. दाराची काच किंवा पुढचा दिवा मात्र शोधत फिरावे लागते. कोणतीही जुनी गाडी घेण्याआधी हे मेस्त्रीला विचारावे. गाडी स्वस्त मिळाली म्हणून भुलू नये.

आता आमची गोष्ट सांगतो. आमची गाडी कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही. चूक गाडीची नव्हती. आमची होती.

चैत्राचे दिवस होते. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले होते. दौंडला सकाळी दहा वाजता बोलावले होते. थोरले बंधू गाडी चालवत होते. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. न्हावरे मागे पडले. समोर एक काटा असतो, त्याच्या एका टोकाला इंग्रजी सी आणि दुसऱ्या टोकाला एच अक्षर असते. सी म्हणजे थंड, एच म्हणजे गरम. तो काटा नेहमी मध्यावर असायचा. त्या दिवशी तो वर सरकू लागला.

आम्ही म्हणालो, "आण्णा, काटा वर चाललाय."

आण्णा म्हणाले, "दिसतंय मला. आता दौंडला पोहोचू दे. मग बघू."

पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली. पुलाखाली केवढे पाणी, आणि आमच्या गाडीत थेंब नव्हता! दोन-तीन किलोमीटर गेलो असू. बोनेटमधून वाफ आली. इंजिनाने आचका दिला. गाडी थांबली ती थांबलीच.

आईला रस्त्याकडेच्या रसवंतीत सावलीला बसवले. दुसरी गाडी मिळून दौंडला पोहोचायला दीड वाजला. डॉक्टर निघून गेले होते. ऑपरेशन महिनाभर पुढे गेले. तो महिनाभर आई भिंत चाचपत घरात फिरली. कोणाला काही बोलली नाही. त्याचेच जास्त वाईट वाटले.

गाडी टेंपोला बांधून गॅरेजला नेली. मेस्त्रींनी ऑइल मोजायची काडी ओढून दाखवली. चालत्या गाडीचे ऑइल काळपट असते. आमचे दुधाच्या चहासारखे झाले होते. मेस्त्री म्हणाले, "पाणी ऑइलात गेलंय. इंजिनाचं हेड तापून वाकलंय, गॅस्केट फुटलंय. काटा वर गेला तेव्हाच थांबला असता तर एवढं झालं नसतं." त्या वर्षीचा उन्हाळी कांदा त्या इंजिनात गेला.

मग मेस्त्रींनी विचारले, "रेडिएटरमध्ये पाणी कधी घालत होता?"

आण्णा म्हणाले, "मी पंधरा दिवसांनी एक तांब्या."

आम्ही म्हणालो, "आम्ही आठवड्याला एक तांब्या."

पुतण्या म्हणाला, "मी तर दोन-चार दिवसांआड बाटली ओततो."

मेस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "अहो, रेडिएटर म्हणजे काय घरातला रांजण आहे का, रोज भरायला? बंद भांडं आहे ते. त्यातलं पाणी असं सारखं कमी होतच नाही. कमी झालं म्हणजे कुठंतरी गळतंय. तुम्ही तिघं मिळून गळतीला पाणी पाजत होता, आणि एकमेकांशी बोलला नाही."

रबरी पाइपाची क्लिप सैल झाली होती. दोन कप चहाच्या पैशात नवी आली असती.

हे पाणी गाडीत कशाला लागते, ते सांगतो. इंजिनात तेल जळते. त्याची मोठी आग होते. ती आग लोखंडाला सोसवत नाही. म्हणून इंजिनाच्या अंगाभोवती पाणी फिरवतात. ते पाणी तापून पुढे रेडिएटरमध्ये येते. तिथे बारीक नळ्या असतात. त्यांना वारा लागतो, पंखा लागतो. पाणी निवते आणि पुन्हा आत जाते. चुलीवरून उतरवलेला चहा आपण बशीत ओतून निववतो, तसेच हे आहे.

आता पाणी कोणते? इथे आपल्या भागात सगळे चुकतात. बोअरचे पाणी जड असते. बंबात रोज ते पाणी तापवा, आणि वर्षाने आत हात घालून बघा. पांढरी खपली हाताला लागते. तीच खपली रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते. नळी बुजली की पाणी फिरत नाही. पाणी फिरले नाही की गाडी तापते. शिवाय साध्या पाण्याने आतून गंज चढतो. म्हणून दुकानात कूलंट नावाचे रंगीत औषध मिळते, ते घालावे. काही बाटल्यांत ते तयार मिळते, तसेच ओतायचे. काही बाटल्यांतले घट्ट असते, त्यात बॅटरीचे पाणी मिसळायचे. किती मिसळायचे ते बाटलीवर छापलेले असते. ते वाचावे. दुकानदार सांगेल त्यावर राहू नये. वाटेत अडलो आणि दुसरे काही मिळत नसले, तर साधे पाणी घालून घर गाठावे. तेवढ्याने गाडी मरत नाही. पण घरी आल्यावर ते काढून टाकावे.

आणि एक गोष्ट जिवाची आहे. गरम गाडीचे रेडिएटरचे झाकण उघडू नये. वहिनींना विचारा, कुकरची वाफ गेल्याशिवाय त्या झाकण काढतात का? रेडिएटरही तसाच आहे. आत पाणी दाबाखाली असते, शंभर अंशांच्या वर तापले तरी उकळत नाही. झाकण फिरवले की दाब सुटतो आणि सगळे पाणी उकळून तोंडावर उडते. हात भाजतात, डोळे जातात. काटा वर गेला तर एसी बंद करा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, खाली उतरा. अर्धा-पाऊण तास थांबा. बोनेटला हात लावून बघा. निवल्यावर, जाड फडके धरून, झाकण हळूहळू सोडा. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. तापल्या तव्यावर पाणी टाकले की तवा तडकतो. तुम्हांला थांबायला जागाच नसेल, मागून ट्रक येत असेल, तर गाडीतला हीटर मोठा करा. उकाडा होईल, पण इंजिनाची उष्णता थोडी आत येईल आणि कडेला जाईपर्यंत तेवढाच आधार.

आता वहीची गोष्ट.

आमच्या वहिनी तुमच्यासारख्याच मोठेपणी लिहायला शिकल्या. त्या रात्री त्यांनी पुतण्याची शंभर पानी वही काढली. पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधली. पहिल्या पानावर लिहिले : तारीख, किलोमीटर, काय घातले, किती घातले, कोणी. वही गाडीच्या कप्प्यात ठेवली.

आण्णा चिडले. "गाडी चालवायची का हिशेब लिहायचा?"

वहिनी म्हणाल्या, "डेअरीच्या दुधाचा लिहिता ना? मग ह्याचा लिहायला काय झालं? त्या दिवशी आत्याबाई उन्हात बसल्या होत्या, ते विसरलात वाटतं."

आण्णा गप्प बसले. सुरुवातीला ते नुसते 'पाणी ठीक' एवढेच लिहीत. पण लिहीत.

पुढच्या वर्षी श्रावणात त्या वहीने आम्हांला वाचवले. ब्रेकचे तेल एका छोट्या पांढऱ्या डबीत असते. डबीवर दोन रेषा असतात. तेल त्या दोन रेषांच्या मध्ये हवे. वहीत आधी पुतण्याच्या अक्षरात होते, 'ब्रेक ऑइल खालच्या रेषेला, थोडे घातले.' आठ दिवसांनी आमच्या अक्षरात तेच. पुढे नऊ दिवसांनी आण्णांच्या अक्षरात तेच. तिघांनी आपापले लिहिले आणि वही मिटली. मागचे पान कोणी वाचले नाही. वाचले ते वहिनींनी.

त्या म्हणाल्या, "अहो, हे पाण्यासारखंच चाललंय. तिघांनी तीनदा घातलंय."

त्याच रविवारी जेजुरीला जायचे ठरले होते. उरुळी कांचनवरून शिंदवण्याचा घाट चढायचा आणि देव करून तोच उतरायचा. गाडीत पोरेबाळे बसणार होती. शनिवारी गाडी मेस्त्रींकडे नेली. त्यांनी मागचे चाक काढले. आत सगळे ओले होते. ब्रेकच्या छोट्या सिलिंडरचे रबर गेले होते, तेल तिथून झिरपत होते. मेस्त्री म्हणाले, "हे घाट उतरताना गेलं असतं, तर पाय पार खाली गेला असता आणि गाडी थांबली नसती." आम्ही काही बोललो नाही. जेजुरीला पुढच्या रविवारी गेलो.

ब्रेकचे एवढे ध्यानात ठेवा. ब्रेकचे पॅड झिजतात, तसे डबीतले तेल महिनोन्‌महिने थोडे थोडे खाली येते. ते रीतीचे आहे. पण आठवड्या-आठवड्याला खाली येऊ लागले तर गळती समजावी, आणि गाडी मेस्त्रीला दाखवल्याशिवाय चालवू नये. ब्रेकवर पाय दिला आणि तो लोण्यात गेल्यासारखा मऊ लागला, किंवा दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक लागला, तरी तेच करावे. चाकातून लोखंड घासल्याचा आवाज आला तर पॅड संपले. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून दोन वर्षांनी सगळेच बदलतात. ही तारीख कोणाच्या ध्यानात राहते? वहीतच राहते.

पेट्रोलच्या काही इंजिनांत एक दातेरी पट्टा असतो, टायमिंग बेल्ट. तो किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. तो चालता चालता तुटला तर इंजिनाच्या आतले भाग एकमेकांवर आदळू शकतात. जुनी गाडी घेतली आणि आधीच्या मालकाने पट्टा कधी बदलला ते कळले नाही, तर पहिले काम तेच करावे. आधीच्या मालकाच्या शब्दावर बसू नये. आपण बैल विकताना त्याची खोड सांगतो का?

सकाळी गाडी चालूच होत नाही, ही तक्रार थंडीत फार. किल्ली फिरवली आणि नुसते 'कट् कट्' वाजले, दिवे मंद झाले, तर बॅटरी उतरली आहे, नाहीतर तिच्या खुंट्यांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली आहे. ती भुकटी हाताला लावू नका, तेजाब असते. इंजिन बंद ठेवून आधी काळी वायर सोडा, मग तांबडी. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशाने घासा. पुसून कोरडे करा. जोडताना आधी तांबडी, शेवटी काळी. वरून थोडे व्हॅसलीन लावा. एवढ्याने पुष्कळदा काम होते आणि नव्या बॅटरीचे पैसे वाचतात. पण बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर तिचे आयुष्य तेवढेच धरावे.

इंजिन चांगले फिरते, पण धरत नाही, तर गोष्ट वेगळी. मग तेल येत नसेल किंवा ठिणगी पडत नसेल. तिथे आपण खटपट करू नये, मेस्त्रीला बोलवावे. आणि आधी टाकीत तेल आहे का ते बघावे. हसू नका. आम्ही एकदा मेस्त्रीला रांजणगावहून बोलावून आणले होते आणि टाकी कोरडी होती.

उंदरांचे तर विचारूच नका. कांद्याच्या चाळीजवळ किंवा कडब्याच्या गंजीजवळ गाडी लावली, की उंदीर बोनेटमध्ये घर करतात आणि वायरी कुरतडतात. गाडी मोकळ्यावर लावा. आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर मधून बोनेट उघडून बघा.

पेट्रोलची गाडी असणाऱ्यांना आणखी एक सांगायचे आहे. आपल्या उसाच्या मळीपासून आणि रसापासून कारखाने इथेनॉल करतात. ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ सालापर्यंत हे प्रमाण १०० लिटरला २० लिटरवर आले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगले आहे. पण पंधरा वर्षांपूर्वी बनलेल्या गाडीचे रबरी पाइप एवढ्या इथेनॉलसाठी केलेले नव्हते. ते फुगू शकतात, तडकू शकतात. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलचे पाइप बोटाने दाबून बघायला सांगा. गाडीत पेट्रोलचा वास आला तर काडी ओढू नका, गाडी चालू करू नका.

समोरच्या दिव्यांचे रंग ओळखायला शिका. तांबडा दिवा म्हणजे थांब. ऑइलच्या किटलीचे चित्र तांबडे लागले तर त्याच जागी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. ऑइल नसताना दोन किलोमीटर गेले तरी इंजिन जाम होते. पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखव. इंजिनाचे पिवळे चित्र लागले की मेस्त्री गाडीला यंत्र जोडून दोष वाचतात. पूर्वी मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी नावाची गाडी बनायची. तिच्यात असले काही नव्हते. पाना आणि पकड घेऊन रस्त्यातच उघडत. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती गाडी २०२३ साली गेली. त्या काळचे मेस्त्री कानाने दोष ओळखत. आताच्या मेस्त्रीला कानही लागतो आणि यंत्रही लागते.

टायरविषयी दोन शब्द. हवा गार टायरमध्ये मोजावी. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. डिकीत कांद्याच्या गोण्या घालणार असाल तर भरल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो बघा. टायरच्या अंगावर लांबट गोलात चार इंग्रजी आकडे असतात. समजा २३१९ आहेत. तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. टायर झिजला नसला तरी वयाने रबर कडक होते, चिरा पडतात. जुना टायर 'नवा' म्हणून कोणी गळ्यात मारू लागला, तर हे चार आकडे त्याला वाचून दाखवा. आणि स्टेपनीत हवा आहे का? तिची आठवण पंक्चर झाल्यावरच येते.

ऊस तोडणीच्या दिवसांत रात्री गाडी हळू चालवा. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवाही नसतो आणि चकाकणारी पट्टीही नसते. जुन्या गाडीच्या दिव्यांच्या काचा पिवळ्या पडतात, उजेड निम्मा होतो. त्या घासून साफ करून मिळतात. काम थोड्या पैशांत होते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणी पुन्हा करावी लागते. ती पाच वर्षांसाठी मिळते. त्यासाठी गाडी तपासायला न्यावी लागते. याची फी २०२२ पासून बरीच वाढली आहे, म्हणून आधी कार्यालयात चौकशी करा. विम्याची आणि धुराच्या दाखल्याची मुदत त्या कागदावरच छापलेली असते. दोन्ही तारखा वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. आमच्या वहिनींनी तांबड्या पेन्सिलीने उतरवल्या आहेत.

कोणी विचारेल, गाडी विकायची कधी? आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक दुरुस्तीचा खर्च लिहितो. दिवाळीला बेरीज करतो. ज्या वर्षी दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाईल, त्या वर्षी तिला निरोप देऊ. आणखी एक आहे. खालचा पत्रा गंजून चासीला भोक पडले तर बेरजेची वाट बघणार नाही. तशा गाडीत माणसे बसवायची नसतात. अजून तरी दोन्ही वेळ आलेली नाही. आईला दौंडला तपासणीला याच गाडीतून नेतो. आता तिला चांगले दिसते. काटा वर गेला का, हे तीच मागच्या सीटवरून विचारते.

बराच वेळ झाला. गाडी निवली असेल. चला बाहेर. पोरांना जरा मागे उभे करा. आधी बोनेटला हात लावून बघू. मग एकाने ऑइलची काडी ओढावी, एकाने ब्रेकच्या डबीवरच्या रेषा शोधाव्या. टायरवरचे चार आकडे कोण वाचतो? वही वहिनींकडे आहे. आज काय सापडेल, ते तुमच्यापैकीच कोणीतरी त्यात लिहायचे आहे.